पालीचे फुटाणे

आमच्या घरी कुणाच्या अंगावर पाल पडली की गूळ-फुटाणे वाटायची पद्धत होती. ही पद्धत आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची. आमचं घर मूळचं वलगावचं. छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर आबांनी देव्हारा रिकामा केला, पंचांग चुलीत घातलं, दारावरची लिंबू-मिरची काढून टाकली. एवढं सगळं त्यांनी एका झटक्यात केलं, पण पालीपुढे त्यांचं काही चालेना. आढ्यावरून पाल पडायची ती पडतच राहिली, आणि पडली की घरातल्या बाया काही न बोलता न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेऊन यायच्या. आबा ओरडायचे, त्या 'हो' म्हणायच्या, आणि पुढची पाल पडली की पुन्हा ओल्या केसांनी भाकरी थापताना दिसायच्या. शेवटी आबांनी नियमच केला. ज्याच्यावर पाल पडेल त्यानं त्या दिवशी अंग धुवायचं नाही, आणि घरातल्या सगळ्यांनी त्याच्यासोबत बसून गूळ-फुटाणे खायचे. माझ्या जन्मापर्यंत ही पद्धत चांगली मुरली होती. आम्ही पोरं तर फुटाण्यांच्या आशेनं मुद्दाम पालीखाली जाऊन उभी राहायचो.

पुढे मी विज्ञानाची शिक्षिका झाले. वर्गात शिकवायचंच, शिवाय सुट्टीच्या दिवशी इतर शाळांमध्ये जाऊन चमत्कारांमागचं विज्ञान सांगायचं, असा माझा उद्योग. जिभेवर कापूर पेटवायचा, नारळातून केस काढून दाखवायचे आणि शेवटी ही फुटाण्यांची गोष्ट. पोरं खदखदून हसायची, शिक्षक टाळ्या वाजवायचे. त्या गोष्टीवर मी आयुष्यभर भाव खाल्ला. यंदा तिवश्याच्या एका शाळेनं बोलावलं, तर तब्येतीचं कारण सांगून मी घरी बसले. तब्येतीला काही झालेलं नव्हतं.

झालं होतं ते एका सरड्यामुळे. खरं म्हणजे सरड्यामुळे नाही, माझ्यामुळे.

मुलगी पुढच्या शिक्षणाला परदेशात गेली तेव्हा काचेची एक पेटी आमच्या अमरावतीच्या घरात ठेवून गेली. पेटीत वाळू, एक चपटा दगड, एक वाळकी फांदी आणि फांदीवर वीतभर लांबीचा, मातकट रंगाचा, गळ्याखाली काट्यांची झालर असलेला प्राणी. कुठल्याशा दूरच्या वाळवंटातली जात. पुण्यात कुणीतरी पैदास करतं, तिथून तिनं रीतसर नोंद करून आणलेला. "आई, याला माणसांची सवय झालीय. याला समोर कुणीतरी लागतं. रोज थोडा वेळ याच्यापाशी बसत जा," एवढं बजावून ती विमानात बसली. मी म्हटलं, घ्या, आता सरड्याला सोबत करा!

मला तो आवडला नाही. प्रयोगशाळेत बेडूक चिरताना माझा हात कधी थरथरला नव्हता, पण याच्या पेटीत हात घालायची वेळ आली की मी पदर खोचून नुसतीच उभी राहायची. "ही विज्ञानाची मॅडम," असं म्हणून हे हसायचे आणि स्वतः पुढे होऊन पाण्याची वाटी बदलायचे.

हे वीज खात्यात होते. नोकरीत असताना आमच्या घरी जेवणाचं ताट आणि फोनची घंटा यांचं काही जमलेलं नव्हतं. ताट वाढलं की फोन वाजायचा, कुठेतरी तार तुटलेली असायची. निवृत्त झाले आणि फोन एकदम गप्प झाला. मग हेही गप्प झाले. टीव्ही बंद करून टीव्हीसमोरच बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "काई नाई, बसून राहिलो."

सरडा आला आणि यांना काम मिळालं. ऊन खायला त्याला दिवा लागतो म्हणून यांनी बाजारातून होल्डर, वायर, रेग्युलेटर आणून अशी काही जोडणी केली की पेटीच्या एका कोपऱ्यात वैशाख आणि दुसऱ्यात माघ. लाईन गेली की इन्व्हर्टरवर आधी त्याचा बल्ब लागायचा, मग आमचा पंखा. शेवग्याचा पाला बारीक चिरून द्यायचे. मित्राच्या शेतातून जेवणाच्या डब्यात नाकतोडे भरून आणायचे, तेही फवारणी झाली नाही ना, अशी दहादा खात्री करून. तो डबा मी वेगळा काढून ठेवला, हे सांगायला नको.

त्या सरड्याची एक लकब होती. कुणी समोर आलं की तो पुढचा एक पाय उचलायचा आणि हवेत सावकाश गोल फिरवायचा. मुलीनं फोनवर सांगितलं, की 'मी तुला पाहिलं, माझं तुझ्याशी भांडण नाही' असं त्यांच्यात एकमेकांना सांगायची ही रीत असते. यांना ते फार आवडलं. "पाह्य बापा, हात वर करून अभिवादन करते. आपल्याच समाजाचा दिसते," असं म्हणाले आणि तेव्हापासून त्याला 'पाव्हणे' म्हणू लागले. पाव्हण्यांनी हात फिरवला की हेही फिरवायचे. इतक्या वर्षांच्या संसारात मी शाळेतून आले म्हणून यांनी कधी मान वर केल्याचं आठवत नाही. आता मी दारात चप्पल काढत असतानाच पेटीतून एक आणि सोफ्यावरून एक असे दोन हात फिरायचे. मी तोंडानं "पुरे झाला चावटपणा" म्हणायची, पण संध्याकाळी घराकडे वळताना त्या दोन हातांची वाट बघायची.

मग यांच्या छातीत दुखू लागलं. तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणाले बायपास करावी लागेल. माझी थोरली बहीण अकोल्याला असते. तिच्या ओळखीतलं चांगलं हॉस्पिटल होतं, म्हणून तिथेच करायचं ठरलं. मे महिना, शाळेला सुट्टी. घराला कुलूप लावायचं तर सरड्याचं काय? "पाव्हण्याले एकटं ठेवून मी येत नाई," हे यांनी सरळ सांगून टाकलं. बडनेरा, मूर्तिजापूर करत आम्ही अकोल्याला पोचलो तेव्हा पेटी यांच्या मांडीवर होती आणि यांच्या रिपोर्टांची पिशवी माझ्या.

मे महिन्यातल्या अकोल्यात माणसं कूलर असलेल्या खोलीतून उठत नाहीत. ताईच्या घरीही सगळा संसार त्या एका खोलीत गोळा झालेला. पण कूलरची ओली हवा त्याला सोसायची नाही, म्हणून यांनी पेटी बाजूच्या तापलेल्या खोलीत ठेवली आणि स्वतःही तिथेच जाऊन बसले. बनियन ओलं होईतो घाम गाळत. ताई म्हणाली, "अवं, तुह्या नवऱ्याचं काळीज धड नाई अन् हा भट्टीत बसून राहिला."

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये भरती व्हायचं होतं. दुपारी मी सह्या करायचे कागद घेऊन त्या खोलीत गेले. दाराला पडदा होता. यांनी त्याला पेटीबाहेर काढलेलं होतं आणि तो पडद्याच्या दांडीवर जाऊन बसलेला, हे मला माहीत नव्हतं. मी पडदा सारला आणि तो थेट माझ्या डोक्यावर पडला. पडला तो पडला, घाबरून त्यानं माझे केस धरून ठेवले.

मी किंचाळले. हे पोट धरून हसले. कित्येक दिवसांनी असे हसत होते. त्याला माझ्या केसांतून सोडवत त्यांनी बाहेर हाक मारली, "ताई, घरात गूळ-फुटाणे हायेत का?" ताई काही परकी नव्हे, तीही त्याच आबांची नात. फुटाण्यांचा डबा घेऊन हसतच आली. हे म्हणाले, "तसा हा काई पाल नाई, सरडा हाये. अर्धेच फुटाणे लागू होतात." माहेर माझं, पद्धत माझ्या आबांची, पण ती पाळण्याचा आनंद माझ्यापेक्षा यांनाच जास्त होता. मी हसले. फुटाणे खाल्ले. गुळाचा खडा तोंडात विरघळेपर्यंत हसत राहिले.

आणि सगळा वेळ डोक्यात दुसरंच चाललेलं होतं. डोक्यावर पडणं सगळ्यात वाईट, घरच्या माणसाच्या जिवावरचं, हे मला ठाऊक होतं. कुठून ठाऊक होतं? वलगावला आमच्या शेजारच्या काकू पंचांगातलं वाचून दाखवायच्या. पाल कुठे पडली तर काय, सरडा कुठून चढला तर काय, उजवा खांदा, डावा खांदा, पाऊल, पाठ. आमच्या घरात नव्हतं म्हणूनच मला त्याची गोडी. त्यांच्या ओट्यावर बसून मी ते सगळं पाठ केलं होतं. त्यानंतर मी आम्ल आणि आम्लारी पाठ केले, अणूची रचना पाठ केली, पण आधीचं काही पुसलं गेलं नाही. त्यात हा तर पडलाही होता आणि चढलाही होता.

"फार उकडतंय, अंगावर पाणी घेऊन येते," असं म्हणून मी बाथरूममध्ये गेले.

अकोल्याच्या माणसाला हे सांगावं लागणार नाही, पण इतरांसाठी सांगते. मे महिन्यात दुपारी तीनला तिथे कुणी अंघोळ करत नाही. गच्चीवरच्या टाकीतून नळाला जे पाणी येतं ते चटके बसतील इतकं तापलेलं असतं. लोक सकाळी बादल्या भरून ठेवतात आणि संध्याकाळी वापरतात. भरलेली बादली तिथे नव्हती. मी नळाखाली तांब्या धरला आणि ते कढत पाणी डोक्यावर ओतलं. पुन्हा ओतलं. डोळ्यांत पाणी येत होतं ते चटक्यांनी, असं मी स्वतःला सांगितलं.

बाहेर आले तेव्हा केसांतून पाणी गळत होतं आणि कपाळ लाल झालेलं. ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण लावायला घेतलं. यांच्या हातात थोडे फुटाणे उरले होते. ते त्यांनी तोंडात टाकले नाहीत, डब्यात परत टाकले. एखाद्यानं माझी फजिती केली असती, मॅडम म्हणून चिडवलं असतं, तर मी तिथेच रडून मोकळी झाले असते आणि पुढचं टळलं असतं.

संध्याकाळी यांना भरती केलं. कपडे आणायला म्हणून मी घरी आले आणि आल्या आल्या पेटी उचलली. ताईच्या घरात तो मला नको होता. यांच्याशी नातं असलेल्या कुठल्याच छपराखाली तो नको होता. ऑटोत पेटी मांडीवर घेऊन मी शोभेच्या माशांच्या एका दुकानात गेले. येता-जाता ते पाहिलेलं होतं. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "मॅडम, मले याच्यातलं काईच समजत नाई. हा खाते काय?"

"दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे. पालेभाजी टाका," मी म्हटलं.

दुकान गारेगार होतं. एसी चालू, चारी भिंतींना पाण्याच्या टाक्या, फरशी ओली. सातवीच्या वर्गात मी दरवर्षी शिकवते की या प्राण्यांच्या अंगात स्वतःची ऊब नसते, ती त्यांना बाहेरून घ्यावी लागते. यांचा बल्ब ताईच्या घरी पिशवीत पडलेला होता. तो आणून देणं मला जमलं असतं. माझ्या मनात ते आलंही. पण आता पुन्हा इथे यायचं नाही, मागे वळायचं नाही, असं काहीतरी डोक्यात बसलेलं होतं. दुकानदारानं पेटी खालच्या फळीवर ठेवली. सरड्यानं माझ्याकडे पाहून पाय उचलला आणि सावकाश फिरवला. मी ऑटोत जाऊन बसले.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी आयसीयूच्या काचेतून मला यांना बघू दिलं. नळ्या, पट्ट्या, सुकलेले ओठ. डोळे उघडे होते, पण ओळखतात की नाही कळेना. मग यांनी सुई टोचलेला हात गादीवरून थोडासा उचलला आणि हवेत हळूहळू गोल फिरवला. शेजारी उभी असलेली नर्स म्हणाली, "काही मागतायत का?" मी म्हटलं, "नाही." मलाही हात उचलून फिरवायला हवा होता. तो माझ्याच्यानं उचलला गेला नाही. मी दोन्ही हात पदराखाली धरून उभी राहिले.

बोलू लागले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, "पाव्हणे कसे हायेत?" मी म्हटलं, "मजेत." परदेशातून मुलीचा फोन. "बाबा कसे आहेत? आणि तो?" मी म्हटलं, "दोघंही मजेत."

यांना आयसीयूतून वॉर्डात हलवलं तसं मला धीर आला आणि मी दुकानात गेले. धोका टळला म्हणून गेले, ही गोष्ट स्वतःपाशी कबूल करायलाही लाज वाटते. तो कोपऱ्यात पोट टेकून पडला होता. रंग कोळशासारखा काळा झालेला, डोळे मिटलेले, श्वास घेताना बारीक आवाज येत होता. मेथीची जुडी तशीच सुकलेली. दुकानदार ओशाळून म्हणाला, "मॅडम, तुमी फोन नंबर बी देऊन नाई गेल्या." खरंच दिलेला नव्हता.

ताईच्या त्या तापलेल्या खोलीत मी त्याच्यावर बल्ब लावला. जनावरांच्या डॉक्टरांना आणलं, त्यांनी औषध दिलं, पण फार आशा नाही म्हणाले. मुलीला विचारलं असतं तर तिनं काही सांगितलं असतं, पण विचारायचं तर काय झालं ते सांगावं लागणार होतं. त्याला सोबत लागते म्हणून मी हॉस्पिटलमधून आले की त्याच्यासमोर बसून राहायची. हात फिरवून बघितला. जो हात यांच्यासाठी उचलला गेला नाही तो आता उचलून काय उपयोग? यांना घरी सोडायच्या आदल्या दिवशी तो मेला.

ताईच्या अंगणातल्या निंबाखाली आम्ही दोघींनी त्याला पुरलं. खड्ड्यावर माती लोटताना ताई म्हणाली, "तू त्या दिवशी केस ओले करून आली ना, तवाच मले समजलं व्हतं."

"मग बोलली काहून नाहीस?"

"काय बोलू? माह्या डोक्शावर पडला अस्ता तं मीनं बी धुतलं अस्तं."

परतताना यांनी मागच्या सीटवर रिकामी पेटी पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. आजारी पडून गेला, एवढंच सांगायचं मी मनाशी ठरवलेलं होतं. पण यांच्या छातीवरची पट्टी शर्टाच्या बटणांमधून दिसत होती, आणि मी सगळं सांगून टाकलं. कढत पाणी, ऑटो, दुकान, न दिलेला बल्ब. हे खिडकीबाहेर बघत ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजे तू त्याले देऊन आली म्हून मी वाचलो, असं वाटते का तुले?"

हा प्रश्न मला हजार पोरांनी वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलेला आहे. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नसतं, हे उत्तर माझ्या जिभेवर असतं. पण ते आलं नाही. कारण मनात आत कुठेतरी कुणीतरी म्हणत होतं, की वाचले ना पण. मी 'नाही' म्हणाले तेव्हा गाडी मूर्तिजापूर सोडून बरीच पुढे आली होती.

"ऑपरेशन डॉक्टरनं केलं, मॅडम," हे म्हणाले. तेवढंच. ओरडले नाहीत, रागावले नाहीत. मुलीलाही 'म्हातारा झाला होता' असं यांनीच सांगितलं. तिला ते पटलं नसावं, कारण तिनं पुढे एकही प्रश्न विचारला नाही.

पेटी अजून दिवाणखान्यात आहे. वायर, होल्डर यांनी काढलेले नाहीत. तब्येत छान आहे, सकाळी फिरायला जातात. मी शाळेतून येते तेव्हा पेपरमधून मान वर करतात, 'आली का' म्हणतात. हात मात्र कुणी फिरवत नाही.

परवा रविवारी ट्यूबलाइटमागून एक पाल माझ्या डोक्यावर पडली. आमच्या घरातलीच, साधी, पांढुरकी पाल. ती सुळकन उतरून कपाटामागे गेली. हे समोर सोफ्यावर होते. नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन गूळ-फुटाणे आणले. एक मूठ यांच्या हातावर ठेवली, एक मी घेतली. आम्ही समोरासमोर बसून खाल्ले, पार शेवटचा फुटाणा संपेपर्यंत. मग मी कोरड्या केसांनी स्वयंपाक केला, कोरड्या केसांनी जेवले, आणि डोक्याकडे हात जाऊ नये म्हणून भांडी घासत बसले.

जेवण झाल्यावर हे दिवाणावर आडवे झाले, डोळे मिटले. मी पाय न वाजवता जवळ गेले आणि यांच्या छातीवर, त्या टाक्यांच्या व्रणावर, तळहात ठेवला. ठोके नीट पडत होते. तरी मी बराच वेळ हात तसाच ठेवला. काढायला गेले तेव्हा दिसलं, यांचे डोळे उघडे होते आणि हे माझ्याकडेच बघत होते.